पाणी कुठे जाणार, हे नकाशात बघा

गेल्या जूनमधली गोष्ट. पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीतून बोलावणं आलं. इमारत नवीकोरी, जेमतेम दुसरा पावसाळा. पहिलीच जोराची सर आली आणि पाणी थेट लिफ्टच्या दाराशी. कमिटीचं ठाम मत होतं की आवारातलं गटार लहान पडतंय, ते फोडून मोठं करायचं, तुम्ही फक्त खर्चाचा अंदाज द्या. माझ्याबरोबर एक जुने गवंडी होते. त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे घालवले. एक टोक माझ्या हातात देऊन मला जिन्यापाशी उभं केलं आणि दुसरं घेऊन ते गेटजवळ गेले. नळीतलं पाणी स्थिरावलं, म्हणजे दोन्ही टोकांना एकाच पातळीत आलं, तशी दोन्हीकडे पाण्याच्या रेषेपासून फरशीपर्यंत टेप लावली. जिन्यापाशी ९४ सेंटिमीटर, गेटपाशी ८७.

"ताई, अंगणच जिन्याकडे उतरलंय. गटार काय करणार बिचारं?"

सात सेंटिमीटर, म्हणजे हाताची चार बोटं. गटार गेटच्या बाजूला होतं, चांगलं फूटभर रुंद होतं आणि त्या दिवशी अर्धं कोरडं होतं. पेव्हर ब्लॉक बसवताना कोणी दोरी लावली नव्हती, की लावली ती उलटी लावली, हे आता कळायला मार्ग नाही. सगळं आवार उखडून पुन्हा बसवावं लागलं. पत्र्याच्या शेडखाली गाड्या लावून लोकांनी दीड महिना काढला.

हे प्रकरण मनात राहिलं, कारण मुंबईत आज गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. कमिटीच्या बैठकांना मी जाते. कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस, पार्किंग यांवर तीन-तीन तास चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण जमिनीच्या पातळ्यांचा नकाशा, ज्याला साइटवर सगळे 'लेव्हल्सचा ड्रॉइंग' म्हणतात, तो उलगडून बघणारा सभासद मला आजवर क्वचित भेटला. पाणी कुठे जाणार हे त्या एका कागदावर ठरतं. एकदा काँक्रीट पडलं की ते बदलणं फार महाग पडतं. म्हणून तो कागद कसा वाचायचा, त्यामागचे नियम काय आणि हिशेब काय, हे जमेल तितकं सोपं करून सांगते.

ढाळ म्हणजे नेमकं किती

गवंडी 'ढाळ' म्हणतात, इंजिनीअर 'स्लोप' म्हणतात. मोजायची रीत एकच. '१०० ला १' म्हणजे शंभर सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर उतार. '२०० ला १' म्हणजे त्याच्या निम्मा. घरातल्या मोरीला आपण जो ढाळ देतो तो डोळ्यांना दिसतो. आवाराचा ढाळ मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नळीने किंवा ऑटो लेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने, मोजावाच लागतो. सपाट दिसणारं आवार उलट्या बाजूला उतरत असलं तरी उभ्याने कोणाला समजत नाही.

आवारात पाण्याचा प्रवास असा असावा: इमारतीचं जोतं सगळ्यांत उंच, तिथून जमीन चहूबाजूंनी बाहेर उतरणारी, कुंपणाच्या आतून फिरणारं पावसाळी गटार, शेवटी गाळ अडवणारा एक चेंबर आणि तिथून रस्त्यालगतच्या महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिनीत. वाचताना सरळ वाटतं. पण हा हिशेब करायचा असतो उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे. रस्त्याच्या गटाराचा तळ किती खोल आहे, तिथून सुरू करायचं.

एक उदाहरण घेऊ. प्लॉट ५० बाय ८० मीटर, म्हणजे ४,००० चौरस मीटर, साधारण एक एकर. मागच्या कोपऱ्यातून निघालेलं गटार बाजूच्या भिंतीने पुढे येऊन रस्त्याच्या जोडणीपर्यंत १०० मीटर धावतं. २०० ला १ असा ढाळ धरला तर एवढ्या लांबीत त्याचा तळ ५० सेंटिमीटर खाली जातो. सुरुवातीलाच गटार ३० सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे जोडणीपाशी त्याचा तळ आवाराच्या पातळीखाली ८० सेंटिमीटर. आता आवार रस्त्यापेक्षा फक्त १५ सेंटिमीटर उंच असेल, तर तोच तळ रस्त्याच्या पातळीखाली ६५ सेंटिमीटरवर येतो. आणि समजा, रस्त्याच्या गटाराचा तळ आहे ६० सेंटिमीटरवर. म्हणजे तुमचं गटार महापालिकेच्या गटाराच्या तळापेक्षाही पाच सेंटिमीटर खाली. पाणी चढून जाणार नाही. ते तिथेच थांबणार आणि रस्त्याचं गटार भरलं की उलट तुमच्याकडे येणार.

साइटवर अशा वेळी काय होतं? आकडा जुळवण्यासाठी ढाळ कमी केला जातो. २०० ला १ चा ८०० ला १ होतो. कागदावर गटार जोडलेलं दिसतं, प्रत्यक्षात ते लांबट हौद होतं. खरा उपाय वेगळा आहे. मागच्या बाजूने आवारच थोडं उंच घ्यायचं, म्हणजे जमीन आणि गटार दोन्ही एकाच दिशेला उतरतात आणि गटार शेवटी विनाकारण खोल जात नाही. किंवा जोडणी दोन ठिकाणी घ्यायची, म्हणजे धाव निम्मी होते. हे पाया खणायच्या आधी सुचलं तर कागदावरची रेघ बदलायची, एवढंच काम.

पाणी येतं तरी किती

इथे मुंबईच्या इतिहासातला एक आकडा समजून घ्यायला हवा. शहराच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या, आणि तेही ओहोटी आहे असं धरून. शिवाय पडलेल्या पाण्यातलं निम्मंच गटारात येईल, उरलेलं निम्मं जमीन पिऊन टाकेल, असं गृहीत धरलेलं होतं. ज्या काळात हे गणित झालं तेव्हा ते वाजवी होतं. वाड्या होत्या, चिंचेखालची मोकळी अंगणं होती, भातखाचरं होती.

१९९३ साली शहराच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरचा, ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. त्याने दोन्ही गृहीतकं बदलली: पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरा आणि पडलेलं सगळं पाणी गटारात येतं असं धरा. अहवालावर धूळ बसली. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि ब्रिमस्टोवॅडच्या कामांना खरी गती आली.

आता हा आकडा आपल्या एक एकराला लावून बघा. जुन्या हिशेबाने ४,००० चौरस मीटरवर ताशी २५ मिलिमीटर, त्यातलं निम्मं: तासाला ५० हजार लिटर. नव्या हिशेबाने तासाला २ लाख लिटर. आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. जुन्या हिशेबात तासाला पाच टँकर गटारात रिकामे होत होते, नव्यात वीस. दर तीन मिनिटांना एक. जमीन तीच आहे. धरलेल्या पावसाचा आकडा दुप्पट झाला आणि जमिनीची पिण्याची ताकद संपली, म्हणून पाणी चौपट झालं.

तासाला २ लाख लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ लिटर. एक फूट रुंद, गुळगुळीत सिमेंटच्या गटाराला २०० ला १ ढाळ असेल, तर एवढं पाणी २० सेंटिमीटर उंचीने वाहून जातं. गटार एक फूट खोल असलं तर वर चार बोटं जागा उरते. उत्तम. आता तेच गटार ८०० ला १ ढाळाने बांधा. वेग निम्मा होतो. काठोकाठ भरलं तरी सेकंदाला ४५ लिटरच्या आसपासच पाणी नेतं. उरलेलं दहा लिटर, दर सेकंदाला, आवारात. त्यातच तळाला चार बोटं गाळ बसला असेल तर बोलायलाच नको. गटाराच्या रुंदीवर भांडणाऱ्या कमिट्यांना मी नेहमी हेच सांगते की आधी ढाळ मोजा.

आणखी एक गफलत नेहमी होते. बातम्यांत 'आज १०० मिलिमीटर पाऊस' असं ऐकलं की आपण घाबरतो. हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर 'जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अतिजोरदार'च्याही पुढची पायरी लागते. पण गटाराला चोवीस तास समजत नाहीत. दिवसभर रिपरिप पडलेले १०० मिलिमीटर त्याला जाणवतही नाहीत, तेच दोन तासांत कोसळले तर ते भरून वाहतं. २६ जुलैचे ९४४ मिलिमीटर चोवीस तासांवर वाटले तर तासाला ४० सुद्धा येत नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक पाऊस दुपार ते रात्र एवढ्याच वेळात पडला. म्हणून सल्लागाराला विचारायचं ते 'तासाला किती मिलिमीटर धरलेत आणि जमीन किती टक्के पाणी पिईल असं धरलंत' हे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर समजा की माणूस नीट काम करतोय.

आयओडीतली उलटी भाषा

महापालिकेकडून पहिलं महत्त्वाचं पत्र येतं ते आयओडी. पूर्ण नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे शब्दशः नामंजुरीची सूचना. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३४६ खाली ती दिली जाते. पत्राचा आशय असा की पुढील गोष्टी झाल्या नाहीत तर हे बांधकाम नामंजूर आहे. त्यामुळे त्यातल्या अटी नकारात लिहिलेल्या असतात. 'सखल प्लॉट अमुक पातळीपर्यंत भरला जाणार नाही, रोलरने दाबला जाणार नाही, रस्त्याकडे उतरता केला जाणार नाही', अशी वाक्यं वाचून एका चेअरमनसाहेबांनी मला विचारलं होतं की महापालिका भराव घालायला मनाई का करते. मनाई मुळीच नाही. या गोष्टी होणार नसतील तर आमची मंजुरी नाही, असा त्याचा अर्थ. वाचताना प्रत्येक 'नाही' काढून टाका, म्हणजे करायच्या कामांची यादी मिळते.

पाण्याच्या दृष्टीने त्यातल्या तीन अटी शोधाव्यात.

पहिली भरावाची. अनेक आयओडींमध्ये सखल प्लॉट किमान २७.५५ मीटर टाउन हॉल डेटम, किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ०.१५ मीटर उंच, यांपैकी जे जास्त असेल तिथवर मुरूम, माती, दगड घालून भरायचा आणि रस्त्याच्या बाजूला उतरता करायचा, असं असतं. टाउन हॉल डेटम ही मुंबईची स्वतःची जुनी मोजपट्टी. फोर्टातल्या टाउन हॉलचा, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या त्या रुंद पायऱ्यांच्या इमारतीचा, संदर्भ धरून शहरातल्या पातळ्या मोजल्या जातात. साडेसत्तावीस मीटर हा आकडा बघून आपण समुद्रापासून खूप उंचावर आहोत असं समजू नका. या मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीच्या बराच खाली धरलेला आहे. नकाशात पातळ्यांपुढे टीएचडी अशी अक्षरं दिसली तर ती हीच.

रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर ही किमान मर्यादा आहे, पुरेशी असेलच असं नाही. वरचं उदाहरण त्यासाठीच दिलं. त्यात रस्ताही एका जागी राहत नाही. डांबराचे थर चढत जातात, काँक्रीटीकरण होतं, आणि दहा वर्षांनी तुमचे १५ सेंटिमीटर शिल्लक असतात की नाही सांगता येत नाही. जुन्या चाळींच्या तळमजल्यावर आज दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं ते यामुळेच. घर खचलेलं नसतं, रस्ता वर आलेला असतो.

दुसरी अट कुंपणाच्या भिंतीची. तिचा पाया रस्त्याच्या गटाराच्या तळाखाली असावा, आणि शेजारच्या आवारातून येणारं पावसाचं पाणी तिने अडवू नये. हिच्याकडे पुन्हा येते.

तिसरी, पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या अभिप्रायाप्रमाणे आवारातली गटारं बांधणं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला घेणं. हा दाखला भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे ओसीच्या आधी लागतो. सोसायटीने त्याची प्रत मागून घ्यावी, सोबत 'जसं बांधलं तसं' असा पातळ्यांचा शेवटचा नकाशाही. पाच वर्षांनी गटार तुंबलं तर तोच कामी येतो. एक गोष्ट बजावून सांगते, पावसाचं पाणी कधीही मलनिःसारण वाहिनीत जोडू देऊ नका. मुंबईत या दोन यंत्रणा वेगळ्या आहेत. जोडणी सोपी पडते म्हणून कोणी तसं केलं, तर भर पावसात तळमजल्याच्या बाथरूममधून सांडपाणी वर येतं. मी ते पाहिलेलं आहे आणि तो वास विसरता येत नाही.

पागोळीचं पाणी

कोकणातल्या आमच्या घरी आजी एक गोष्ट फार जपायची. आपल्या पागोळीचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडू द्यायचं नाही. छपराची वळचण कुठवर न्यायची, पन्हळ कुठे सोडायची, यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी लहानपणी ऐकलंय. शहरात आल्यावर आपण ही जाण गमावली. इमारत पस्तीस मजल्यांची झाली, पागोळी मात्र कोणाच्या अंगणात पडते हे कोणी विचारत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ७ मध्ये नैसर्गिक हक्कांची उदाहरणं दिली आहेत. त्यात असं आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणं हा वरच्या जमीनमालकाचा हक्क आहे. खालच्याने ते अडवायचं नाही. महत्त्वाचा शब्द 'नैसर्गिकपणे'. मी पाच फूट भराव घालून माझी जमीन उंच केली आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडलं, तर त्यात नैसर्गिक असं काही उरत नाही.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये आज नेमकं हेच चाललंय. एका रांगेत सहा जुन्या इमारती असतात. पहिलीचा पुनर्विकास होतो, प्लॉट दोन फूट उंच होतो. आधी तिच्या आवारातून मागच्या इमारतीचं पाणी रस्त्याकडे यायचं, ते अडतं. मागची सोसायटी तक्रार करते, मग तिचाही पुनर्विकास होतो, ती तीन फूट उंच होते. शेवटी ज्यांचं काही झालेलं नाही, बहुधा बैठी घरं किंवा चाळ, ती वाटीच्या तळाशी उरतात. प्रत्येकाने आपल्यापुरता नियम पाळलेला असतो आणि तरीही गल्ली बुडते. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांच्याकडे उंच होण्याची ऐपत नाही, त्यांच्या घरात बाकी सगळ्यांचं पाणी जातं.

म्हणूनच कुंपणाच्या भिंतीची ती अट मोलाची आहे. जागा बघायला जाल तेव्हा भर पावसात जा आणि शेजारचं पाणी सध्या आपल्या आवारातून जातंय का, हे फिरून बघा. जात असेल तर नव्या नकाशात त्याच्यासाठी वाट ठेवावीच लागेल: भिंतीत तळाशी मोकळी खिडकी आणि आतून स्वतंत्र गटार. ते पाणी तुमच्या ५५ लिटरच्या हिशेबात धरलेलं असायला हवं. प्लॉटमधून नाला किंवा पाणी नेणारी जुनी मोरी जात असेल तर ती पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या मंजुरीशिवाय वळवता किंवा झाकता येत नाही. आणि दिसत नसला तरी नाला असू शकतो. पूर्वी इथे ओढा होता असं जुन्या माणसांनी सांगितलं तर ते ऐका. पाण्याला जुनी वाट आठवते.

गटाराच्या पलीकडे समुद्र

तुमच्या गेटबाहेर पडलेलं पाणी पुढे मोठ्या वाहिनीत, नाल्यात, मिठी, ओशिवरा, पोयसर किंवा दहिसर नदीत, आणि शेवटी समुद्रात किंवा खाडीत जातं. समुद्राला मिळणारी अशी १८६ मुखं आहेत. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्या खाली, १३५ सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली. भरतीतही उघडी राहतात ती फक्त सहा. म्हणजे मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले तर जवळजवळ सगळ्या शहराचं पाणी अडून राहतं.

अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. तिथे खाडीच्या बांधात 'उघाडी' असते. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं, ओहोटी लागली की शेतातलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. मुंबईतली पावसाळी उदंचन केंद्रं म्हणजे त्या उघाडीचीच मोठी बहीण: दारं बंद करून आतलं पाणी पंपाने समुद्रात फेकायचं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे ती आहेत. दादर-परळजवळच्या हिंदमाता या सखल भागाची बशी मात्र पंपानेही आटोक्यात येईना, म्हणून तिथलं पाणी काही तास धरून ठेवायला परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन उद्यान यांच्या पोटात टाक्या बांधल्या गेल्या.

यातून सोसायटीने घ्यायचं ते हे की भरतीच्या वेळी तुमचं पाणी बाहेर जाणार नाही असं धरूनच आखणी करावी. एक तासाचं २ लाख लिटर पाणी धरायला १० बाय १० मीटरची, दोन मीटर खोल टाकी लागते. एवढी जागा नसेल तर अर्ध्या तासाचं तरी धरा. पर्जन्य संधारण मोठ्या प्लॉटना बंधनकारक आहेच, तेव्हा बिल्डर म्हणतो की टाकी आहे ना. इथे सावध राहा. वापरासाठी पाणी साठवायची टाकी भरलेली असली तरच उपयोगाची आणि पूर धरायची टाकी रिकामी असली तरच. जुलैत पहिली टाकी काठोकाठ असते, ती पुराला काही मदत करत नाही. दोन्ही कामं एकाच टाकीत हवी असतील तर वरचा भाग कायम मोकळा राहील अशी, बारीक नळीने हळूहळू रिकामी होणारी सोय लागते. पाणी मुरवायचे खड्डेही सगळीकडे चालत नाहीत. खाडीजवळ, भरावाच्या जमिनीत, पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं. तिथे मुरवणार काय? जुलैत एक खड्डा खणून पाण्याने भरा आणि ते किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा. या साध्या चाचणीला पाचशे रुपयांची मजुरी लागते.

मोकळी माती उरली असेल तर तिला जपा. मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर नेऊन जमिनीवर पार्किंग करायचं, ही जुनी हौस आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ च्या निकालात ही किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी असं सांगितलं, त्याला मुलांच्या खेळण्याइतकंच पाण्याचंही कारण आहे. पोडियमवरच्या कुंड्यांतली माती दोन सरींत तृप्त होते आणि उरलेलं पाणी खाली सोडते.

तळघर असेल तर रॅम्पकडे एकदा नीट बघा. रस्त्याकडून येणारी गाडी आधी थोडी चढली पाहिजे, मग उतरली पाहिजे. तोंडाशी असा उंचवटा नसेल तर रस्त्यावरचं सगळं पाणी तुमच्या गाड्यांवर जातं. रॅम्पच्या पायथ्याशी आडवं जाळीचं गटार, त्यातून हौद, आणि पंपाला जनरेटरची जोड. वीज जाते ती पुराच्याच दिवशी.

बांधकाम चालू असतानाचे तीन-चार पावसाळे हा वेगळाच विषय आहे आणि त्याकडे फारच थोडं लक्ष दिलं जातं. मी राहते त्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी एका साइटवर खोल खड्डा खणला गेला. रोज पंपाने गढूळ पाणी रस्त्याच्या गटारात सोडायचे, गाळ बसू द्यायला साधा हौदसुद्धा नाही. ऑगस्टपर्यंत फूटभर चिकणमाती गटारात घट्ट बसली आणि आमच्या तळमजल्याच्या दुकानांत पाणी शिरलं. किराणावाल्या काकांचं साखरेचं पोतं विरघळून दारातून वाहत गेलं, ते मी जिन्यात उभी राहून बघत होते. करारात एक ओळ घालायला सांगा: साइटवरचं पाणी दोन कप्प्यांच्या हौदातून निवळूनच बाहेर जाईल आणि रस्त्याची जोडणी दर पावसाळ्याआधी बिल्डर साफ करून देईल.

शेवटचं काम ताब्याच्या आधीचं. पेव्हर ब्लॉक पडल्यावर, सह्या करण्याआधी, दहा हजार लिटरचा टँकर मागवा आणि मागच्या कोपऱ्यात, सगळ्यांत लांबच्या टोकाला सोडायला लावा. कमिटीतली माणसं वाटून उभी करा: दोघं जिन्यापाशी, एक रॅम्पवर, एक शेजारच्या भिंतीशी, आणि एक रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून. आवारात कुठे थारोळं राहतं तिथे खडूने गोल काढा. चेंबरवाल्याने "आलं, आलं" अशी हाक दिली आणि खडूचे गोल दुरुस्त झाले, की मग पेन उघडा.